दोन धातूंचे रेणू-चुंबक आणि चुंबकनाचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात होमी भाभा रस्त्यावर एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्था, गणेशखिंडीत विद्यापीठ, शिवाय शहरभर पसरलेली एम.एस्सी.ची कॉलेजं. अजैविक रसायनशास्त्राकडे वळलेली मुलं-मुली इथे सुंदर स्फटिक बनवतात, क्ष-किरणांनी रचना काढतात, स्क्विड मॅग्नेटोमीटर या अतिसंवेदनशील यंत्रावर चुंबकन, म्हणजे नमुना क्षेत्रात किती चुंबकीय होतो ते, मोजून आणतात. पुढे आकड्यांतून अर्थ काढायची वेळ येते आणि तिथे घोडं पेंड खातं. त्या टप्प्यावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं एक म्हणणं बहुतेक उत्तरांत डोकावेल: रेषा बिंदूंवरून नीट गेली एवढ्यानं मॉडेल खरं ठरत नाही. ते दुसऱ्या, स्वतंत्र मोजमापाशी ताडून पाहावंच लागतं.

रेणू-चुंबक म्हणजे नेमकं काय?

लोखंडाच्या तुकड्यात अब्जावधी अणूंचे स्पिन, म्हणजे त्यांच्या इलेक्ट्रॉनांची इवलाली चुंबकं, एकमेकांना धरून असतात, म्हणून तो चुंबक होतो. रेणू-चुंबकात हे काम एकटा रेणू करतो. मधे काही धातूंचे आयन आणि भोवती लिगंडांचं, म्हणजे धातूला जोडलेल्या सेंद्रिय रेणूंचं, कवच असतं. ते कवच शेजारच्या रेणूंना लांब ठेवतं. पुरेशा थंडीत असा रेणू आपली चुंबकीय दिशा बराच वेळ धरून ठेवतो.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे मँगनीज-१२ अॅसिटेट. तो १९८० मध्ये तयार झाला, पण चुंबकीय स्मृती त्या एकेकट्या रेणूची आहे हे १९९३ मध्ये दाखवलं गेलं. त्यात आठ मँगनीज अधिक तीन अवस्थेत असतात, प्रत्येकाचा स्पिन २. चार मँगनीज अधिक चार अवस्थेत असतात, प्रत्येकाचा स्पिन ३/२. दोन्ही गट एकमेकांच्या उलट उभे राहतात, म्हणजे १६ वजा ६, एकूण स्पिन १०. १९९६ मध्ये त्याच्या हिस्टेरिसिसमध्ये, म्हणजे क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना चुंबकनाच्या वेगवेगळ्या पडणाऱ्या वाटांमध्ये, पायऱ्या दिसल्या. दिशा उलटताना लागणाऱ्या ऊर्जेच्या अडथळ्यावरून उडी न मारता चुंबकन त्यातून आरपार जातं, त्या क्वांटम टनेलिंगच्या त्या खुणा होत्या.

मग दोन वेगळे धातू कशाला? एकाच धातूचे अधिक आयन घेतले तर?

बरीच वर्षं तोच प्रयत्न झाला. मोठे पिंजरे बनले, स्पिन वाढला, पण अडथळा त्या प्रमाणात वाढला नाही. स्पिन मोठा झाला की पूर्ण रेणूची अनिसोट्रॉपी, म्हणजे एका अक्षाकडचा ओढा, सहसा कमी होत जातो. एका हातानं मिळवलेलं दुसऱ्या हातानं जातं.

टर्बियम, डिस्प्रोसियम यांसारख्या लँथनाइडांत हा ओढा मुळातच जबरदस्त असतो, कारण त्यांच्या ४एफ इलेक्ट्रॉनांचा कक्षीय (कोनीय) संवेग शाबूत राहतो. मात्र हे ४एफ इलेक्ट्रॉन अणूच्या आत दडलेले असतात, त्यामुळे शेजाऱ्याशी त्यांचा संवाद अगदी क्षीण. ३डी धातूंचं, म्हणजे मँगनीज, क्रोमियम, कॉपर यांसारख्यांचं, याच्या उलट आहे: संवाद चांगला, ओढा बेताचा. दोघांना एका रेणूत आणण्यामागे हा विचार आहे. १९८५ मध्ये कॉपर आणि गॅडोलिनियम यांच्यातला संवाद फेरोमॅग्नेटिक, म्हणजे स्पिनांना समांतर ठेवणारा, असल्याचं इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं. २००४ मध्ये दोन कॉपर आणि दोन टर्बियमचा रेणू एकरेणू-चुंबक म्हणून पुढे आला. २०१३ मधला क्रोमियम-डिस्प्रोसियमचा चार धातू-आयनांचा रेणू मला अधिक महत्त्वाचा वाटतो. क्रोमियमशी असलेल्या संवादामुळे डिस्प्रोसियमला जणू आतूनच एक चुंबकीय क्षेत्र मिळतं आणि शून्य क्षेत्रातलं टनेलिंग दबतं, हे त्यात स्वच्छ दिसलं.

'मॉडेल' म्हणजे इथे काय लिहायचं असतं?

स्पिन हॅमिल्टोनियन. रेणूतले शेकडो इलेक्ट्रॉन बाजूला ठेवून फक्त स्पिनांच्या भाषेत लिहिलेलं ऊर्जेचं सूत्र. त्यात तीन प्रकारची पदं येतात. पहिलं, स्पिनांमधला संवाद, ज्याचं माप 'जे'. दुसरं, प्रत्येक आयनाची स्वतःची अनिसोट्रॉपी: ३डी धातूसाठी 'डी', लँथनाइडसाठी क्रिस्टल फील्ड, म्हणजे भोवतालच्या लिगंडांच्या विद्युतक्षेत्राचा परिणाम. तिसरं, बाहेरच्या क्षेत्राशी जोडणारं झीमन पद, ज्यात 'जी' येतो; क्षेत्राला स्पिन किती जोरानं प्रतिसाद देतो याचं ते माप.

या सूत्राचं मॅट्रिक्स मांडायचं, त्याच्या ऊर्जापातळ्या काढायच्या, दिलेल्या तापमानाला कोणती पातळी किती भरलेली आहे हे बोल्ट्झमनच्या नियमानं ठरवायचं, आणि क्षेत्र किंचित बदललं तर मुक्त ऊर्जा किती बदलते ते पाहायचं. तो बदल म्हणजेच चुंबकन. पावडरचा नमुना असेल तर हेच सगळं अनेक दिशांना करून सरासरी घ्यायची. सिद्धांत एवढाच आहे, पुढचं सगळं हिशेबाचं काम.

एखादं उदाहरण हातानं करून दाखवाल का?

जरूर. कॉपर-गॅडोलिनियमची जोडी घेऊ. ती कागद-पेन्सिलीनं सुटते आणि तिच्यात विषयाचा गाभा आहे. असे रेणू बहुधा ऑर्थो-व्हॅनिलिन आणि एखाद्या डायअमाइनपासून बनवलेल्या शिफ बेस लिगंडात तयार करतात. लिगंडाच्या आतल्या खोबणीत दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन असतात, तिथे कॉपर बसतो. बाहेरच्या खोबणीत चार ऑक्सिजन असतात, तिथे गॅडोलिनियम. दोन फिनॉक्सो ऑक्सिजन दोघांमध्ये पूल बांधतात.

कॉपरचा स्पिन १/२, गॅडोलिनियमचा ७/२. गॅडोलिनियममध्ये सात ४एफ इलेक्ट्रॉन असतात, कक्षीय संवेग शून्य, म्हणून अनिसोट्रॉपी जवळपास नाहीच. सुरुवात नेहमी याच लँथनाइडानं करावी. दोघं समांतर उभे राहिले तर एकूण स्पिन ४, उलट राहिले तर ३. ऊर्जा 'उणे जे गुणिले एस-एक बिंदू एस-दोन' अशी लिहिली तर या दोन पातळ्यांमधलं अंतर चार जे भरतं. स्पिन ४ च्या पातळीत ९ अवस्था, ३ च्या पातळीत ७, एकूण १६.

आता ससेप्टिबिलिटी (कमी क्षेत्राला नमुना किती प्रतिसाद देतो ते) गुणिले तापमान, म्हणजे आपण रोज ज्याला कायटी म्हणतो ते. दोन्ही आयनांचे जी २ धरले तर:

कायटी = ०.५ × (१८० + ८४क) ÷ (९ + ७क)

इथे 'क' म्हणजे चार जे या अंतराचा बोल्ट्झमन गुणक: ई चा उणे (चार जे भागिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) घात. एकक घन सेंटिमीटर-केल्विन प्रति मोल.

ताळा करून पाहा. तापमान खूप असेल तर क = १, आणि उत्तर ८.२५. एकटा कॉपर ०.३७५, एकटा गॅडोलिनियम ७.८७५, बेरीज ८.२५. जमलं. जे धन असेल तर अतिथंड अवस्थेत क शून्याकडे जातो आणि कायटी १० कडे चढतं. जे ऋण असेल तर उलट, ते ६ वर उतरतं. समजा जे ५ वेव्हनंबर (ऊर्जेचं एकक, प्रति सेंटिमीटर) आहे. मग अंतर २० वेव्हनंबर, म्हणजे सुमारे २९ केल्विन. ३०० केल्विनला कायटी ८.३४, २९ केल्विनला ९.१, आणि त्याखाली १० च्या दिशेनं. तुमच्या आलेखाचा चढ ३० केल्विनच्या आसपास ठळक झाला तर जे साधारण किती असणार, हे कोणतंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी सांगता येतं. हा अंदाज आधी वहीत लिहा, मगच फिट करायला बसा. सॉफ्टवेअरनं भलतंच उत्तर दिलं तर ते या वहीमुळे लगेच लक्षात येतं.

चुंबकन विरुद्ध क्षेत्र हा आलेख वेगळा का लागतो? कायटी पुरत नाही का?

नाही पुरत, आणि दुसऱ्या बाजूनं तो आलेखही एकटा पुरत नाही. वरचीच जोडी घ्या.

जे अधिक ५ असेल तर २ केल्विनला फक्त स्पिन ४ ची पातळी भरलेली असते. ७ टेस्लाला चुंबकन ८ बोर मॅग्नेटॉनला (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) जाऊन टेकतं. आता समजा दोन आयनांमध्ये काहीच संवाद नाही. तरीही ७ टेस्लाला उत्तर ८ च्या जवळच येतं, कारण सात गॅडोलिनियमचे आणि एक कॉपरचा. शेवटचा बिंदू पाहून काहीच कळत नाही. फरक मधल्या भागात आहे: १ टेस्लाला संवाद असलेल्या रेणूचं चुंबकन सुमारे ५.९५, संवाद नसलेल्याचं सुमारे ५.३. रेषा किती झपाट्यानं चढते हे पाहायचं असतं.

आता खरी मेख. जे उणे १ वेव्हनंबर धरा, म्हणजे संवाद अँटिफेरोमॅग्नेटिक (स्पिनांना उलट उभे करणारा) आणि दुबळा. तळाची पातळी स्पिन ३ ची, वरची स्पिन ४ ची, अंतर ४ वेव्हनंबर. क्षेत्र वाढवलं की स्पिन ४ ची सर्वांत खालची अवस्था स्पिन ३ पेक्षा अधिक वेगानं खाली येते आणि सुमारे ४.३ टेस्लाला दोघी एकमेकींना छेदतात. म्हणजे आपल्या नेहमीच्या ७ टेस्लाच्या यंत्रातच तळाची अवस्था बदलते! २ केल्विनला ही पायरी पसरट होते, पायरी म्हणून दिसतच नाही. चुंबकन ६ ला न थांबता चढत राहतं आणि ७ टेस्लाला सुमारे ७.७ होतं. फक्त हा शेवटचा आकडा पाहणारा माणूस 'जवळजवळ ८, म्हणजे फेरोमॅग्नेटिक' असं लिहून मोकळा होईल. कमी क्षेत्रातलं कायटी मात्र २ केल्विनला सुमारे ६.३ असेल आणि उलटी साक्ष देईल. म्हणून दोन्ही आलेख एकाच संचातल्या आकड्यांनी, एकाच वेळी बसवायचे. एकावर फिट करून दुसरा न पाहणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

आणखी एक साधी चाचणी: २, ३ आणि ५ केल्विनचे आलेख क्षेत्र भागिले तापमान या अक्षावर मांडा. एकच स्पिन-पातळी भरलेली असेल आणि अनिसोट्रॉपी नसेल तर सगळ्या रेषा एकावर एक बसतात. फाकल्या तर एक तर अनिसोट्रॉपी आहे किंवा जवळच दुसरी पातळी आहे. कोणतं कारण हे मात्र या चाचणीतून कळत नाही.

माझा जे आणि शोधनिबंधातला जे बरोबर दुप्पट किंवा निम्मा का येतो?

कारण कुणी हॅमिल्टोनियन 'उणे जे' लिहितं, कुणी 'उणे दोन जे', तर कुणी 'अधिक जे'. तिन्ही पद्धती चालू आहेत. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या काही पानांत हे दिलेलं असतं. तुलना करण्याआधी ते वाचा.

गॅडोलिनियमच्या जागी डिस्प्रोसियम आलं की गणित एवढं का फिसकटतं?

कारण तिथे स्पिन एकटा उरत नाही. डिस्प्रोसियममध्ये नऊ ४एफ इलेक्ट्रॉन असतात. स्पिन आणि कक्षीय संवेग जोडले जाऊन एकूण संवेग १५/२ होतो, त्याच्या १६ अवस्था. लिगंडांच्या विद्युतक्षेत्रामुळे त्या फुटतात आणि समान ऊर्जेच्या दोन-दोन अवस्थांच्या आठ जोड्या बनतात, त्यांना क्रेमर्स जोड्या म्हणतात. सर्वांत खालच्या आणि वरच्या जोडीतलं अंतर शेकडो वेव्हनंबर असू शकतं. ३०० केल्विनची औष्णिक ऊर्जा फक्त २०८ वेव्हनंबर आहे. म्हणजे खोलीच्या तापमानापासूनच वरच्या जोड्या रिकाम्या व्हायला लागतात आणि कायटी १४.१७ वरून हळूहळू घसरतं.

ही घसरण पाहून 'अँटिफेरोमॅग्नेटिक संवाद' असं लिहिलेलं मी कितीदा तरी वाचलं आहे. एकट्या डिस्प्रोसियमच्या रेणूतही कायटी घसरतं, तिथे संवाद करायला दुसरा कुणीच नसतो!

क्रिस्टल फील्डचे आकडे किती? कमी सममितीच्या रेणूत दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या क्रमाची मिळून ५ + ९ + १३ = २७. पावडरच्या दोन गुळगुळीत आलेखांतून २७ स्वतंत्र आकडे निघूच शकत नाहीत. कुणी काढले असतील तर ते आकडे त्या आलेखांतून आलेले नाहीत, प्रोग्रॅमला सुरुवातीला दिलेल्या अंदाजांतून आले आहेत.

संपृक्त चुंबकनाचंही तसंच. मुक्त डिस्प्रोसियम आयनासाठी १० बोर मॅग्नेटॉन, पण पावडरमध्ये अक्ष सगळ्या दिशांना विखुरलेले असतात, म्हणून पूर्ण अक्षीय आयनाचं उत्तर ५ च्या आसपास येतं. टर्बियमसाठी ९ आणि ४.५. कॉपर-डिस्प्रोसियमच्या जोडीत ६ च्या जवळचा आकडा दिसला तर घाबरू नका, तो तसाच यायला हवा.

मग डिस्प्रोसियमच्या रेणूत संवाद ओळखायचा कसा?

दोन धातूंच्या रेणूंचं सगळ्यात मोठं सुख इथे आहे. एका धातूच्या जागी चुंबकीयदृष्ट्या मुका आयन बसवता येतो. कॉपरच्या जागी झिंक, किंवा लँथनाइडच्या जागी इट्रियम, लँथॅनम, ल्युटेशियम. जुगलबंदीत एकानं हात थांबवला की दुसऱ्याचे सूर स्वच्छ ऐकू येतात, तसं.

पद्धत अशी: झिंक-डिस्प्रोसियम आणि कॉपर-डिस्प्रोसियम, दोन्ही एकाच रचनेचे रेणू बनवा. क्ष-किरणांनी खात्री करा की डिस्प्रोसियमभोवतीचे ऑक्सिजन दोन्हीकडे सारख्याच जागी आहेत. मग कॉपर-डिस्प्रोसियमच्या कायटीतून झिंक-डिस्प्रोसियमचं वजा करा. उरलेला भाग उच्च तापमानाला कॉपरच्या ०.४ च्या आसपास सपाट असायला हवा. थंड होताना तो चढला तर संवाद फेरोमॅग्नेटिक, उतरला तर उलट. लँथनाइडचा सगळा गोंधळ वजाबाकीत निघून जातो.

नवीन आलेल्यांना माझा आग्रह असतो की एकाच रेणूची चौकडी बनवा: कॉपर-गॅडोलिनियम, कॉपर-डिस्प्रोसियम, झिंक-डिस्प्रोसियम आणि जमलं तर कॉपर-लँथॅनम. पहिल्यातून जे, तिसऱ्यातून क्रिस्टल फील्ड, चौथ्यातून कॉपरचा जी. मग दुसऱ्याचं चुंबकन जवळपास एकही आकडा न बदलता भाकीत करा आणि मोजलेल्याशी ताडून पाहा. खुंटा हलवून बळकट करायचा तो असा. संश्लेषणाचं काम वाढतं हे खरं, पण फिटिंगमध्ये महिने घालवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

यासाठी महासंगणक लागतो का?

कॉपर-गॅडोलिनियमचं मॅट्रिक्स १६ × १६. कॉपर-डिस्प्रोसियमचं ३२ × ३२. दोन कॉपर आणि दोन टर्बियमचं ६७६ × ६७६. हे सगळं साध्या लॅपटॉपवर, पायथॉनमध्ये स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमनंही होतं. एकदा तरी स्वतः लिहून पाहाच.

पण आयन वाढले की आकडे गुणाकारानं वाढतात. सात क्रोमियम आणि एक निकेलचं प्रसिद्ध कडं घ्या: ४ चा सातवा घात गुणिले ३, म्हणजे ४९,१५२ अवस्था. पूर्ण मॅट्रिक्सला सुमारे ३९ जीबी मेमरी. सममितीनं तुकडे पाडले तर ते आवाक्यात येतं. मँगनीज-१२ मध्ये ५ चा आठवा घात गुणिले ४ चा चौथा घात, बरोबर दहा कोटी अवस्था. हे पूर्ण मॅट्रिक्स कुठल्याही यंत्रात मावणार नाही. तिथे सममिती, पूर्ण मॅट्रिक्स न सोडवता खालच्या पातळ्या काढणारी लँक्झोशची पद्धत किंवा तिचा सांत-तापमान प्रकार वापरतात. भारतातही या वाटेवर मोठं काम झालं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामशेष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मोठ्या स्पिनसमूहांच्या खालच्या पातळ्या अचूक पद्धतीनं काढल्या.

महासंगणक लागतो तो अॅब-इनिशिओ गणनेसाठी, म्हणजे मोजमापांचा आधार न घेता क्वांटम यांत्रिकीतून थेट केलेल्या गणनेसाठी. डिस्प्रोसियमच्या नऊ इलेक्ट्रॉनांची सात कक्षकांत मांडणी करायची तर २१ सेक्स्टेट, २२४ क्वार्टेट आणि ४९० डब्लेट मुळं (अनुक्रमे सहा, चार आणि दोन स्पिन-अवस्थांची) येतात, स्पिनसकट एकूण २००२ अवस्था. पुणेकरांना या बाबतीत कौतुकाचं वाटावं असं बरंच आहे. सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये इथेच झाली, १९९१ मध्ये परम ८००० इथेच तयार झाला, आणि आज आयसर पुण्यात परम ब्रह्म आहे.

कोणतं सॉफ्टवेअर वापरू?

फिटिंगसाठी 'फाय' हा प्रोग्रॅम मोफत आहे आणि ३डी-४एफ रेणूंसाठी सोयीचा. मॅटलॅब येत असेल तर 'इझीस्पिन', त्यात चुंबकन आणि ईपीआर (स्पिनांचा सूक्ष्मलहरी वर्णपट) एकाच आकड्यांवर बसवता येतात, हा त्याचा मोठा फायदा. अॅब-इनिशिओसाठी ओपनमोल्कास किंवा ओर्का. ओपनमोल्काससोबत येणाऱ्या 'सिंगल-अॅनिसो' आणि 'पॉली-अॅनिसो' या भागांपैकी पहिला एका आयनाचं क्रिस्टल फील्ड देतो. दुसरा असे अनेक आयन लाइन्स या शास्त्रज्ञाच्या मॉडेलनं जोडतो, ज्यात अनेकदा संवादासाठी एकच आकडा पुरतो. २७ ऐवजी एक! क्रिस्टल फील्ड गणनेतून घ्यायचं आणि फक्त जे मोजमापावर बसवायचा, ही वाट मला आज सर्वांत प्रामाणिक वाटते.

जे सरळ डीएफटीनं (इलेक्ट्रॉन-घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या गणनेनं) काढता येईल का?

येईल, आणि काढावा. ब्रोकन-सिमेट्री पद्धतीत समांतर आणि उलट अशा दोन मांडण्यांच्या ऊर्जा काढून त्यांच्या फरकावरून जे मिळवतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा: गॅडोलिनियम असलेल्या रेणूची एकूण ऊर्जा हजारो हार्ट्री (अशा गणनेतलं ऊर्जेचं एकक) असते आणि आपल्याला हवा असलेला फरक हार्ट्रीच्या लाखाव्या भागांत. म्हणून अभिसरणाची अट कडक ठेवा आणि सापेक्षतेचा परिणाम धरणारा बेसिस घ्या. फंक्शनल, म्हणजे डीएफटीतलं अंदाजी सूत्र, बदललं की आकडा हलतो, पण एकाच कुळातल्या रेणूंमधला कल सहसा टिकतो. मुंबईच्या आयआयटीतल्या गोपालन राजारामन यांचं या विषयातलं काम आवर्जून वाचा.

कॉपर-गॅडोलिनियममध्ये कल असा आहे: पुलाचा भाग जितका सपाट, तितका जे मोठा. ऑक्सिजनांच्या कडेवर रेणू दुमडत गेला की संवाद मंदावतो. कारण म्हणून कॉपरच्या इलेक्ट्रॉनाचं गॅडोलिनियमच्या रिकाम्या ५डी कक्षकात अंशतः जाणं सांगितलं जातं. तिथे हुंडच्या नियमामुळे तो ४एफ इलेक्ट्रॉनांना समांतर राहणं पसंत करतो.

माझ्या मॉडेलमधून हिस्टेरिसिस का येत नाही?

कारण वर सांगितलेलं सगळं समतोलाचं गणित आहे. त्यात वेळ नाही. क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना उत्तर तेच येणार. हिस्टेरिसिससाठी पातळ्यांमधल्या संक्रमणांचे वेग लागतात: स्फटिकाच्या कंपनांनी चालणाऱ्या ऑर्बाक, रामन आणि थेट प्रक्रिया, शिवाय टनेलिंग. क्षेत्र छेदबिंदूवरून सरकवताना टनेलिंग किती होईल याचं सूत्र १९३२ पासून आहे, लँडाऊ-झेनर या नावानं. एक सावधगिरी इथेच सांगतो. हिस्टेरिसिस दाखवणारा नमुना समतोलाच्या मॉडेलनं फिट करू नका. ज्या तापमानाला लूप उघडतो त्याखालचे बिंदू फिटमधून वगळा.

२० केल्विनच्या खाली कायटी अचानक कोसळतं. कोणता पॅरामीटर घालू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त घाईही इथेच होते. अशी घसरण डीमुळे होऊ शकते, शेजारच्या रेणूंमधल्या दुबळ्या संवादामुळे होऊ शकते, किंवा मोजताना क्षेत्र जास्त ठेवल्यामुळे नुसती संपृक्तताही असू शकते. पावडरच्या कायटीत तिन्ही जवळपास सारख्याच दिसतात. डी आणि रेणूंमधला संवाद दोन्ही मोकळे सोडले तर प्रोग्रॅम एकाचं दुसऱ्यात ढकलत राहतो.

आधी क्षेत्र ०.१ टेस्लावर आणून पुन्हा मोजा. मग स्फटिकरचनेत शेजारच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध किंवा जवळ आलेली वलयं आहेत का ते पाहा. नसतील तर रेणूंमधला संवाद शून्य धरायला तुमच्याजवळ कारण आहे. डीसाठी ईपीआर किंवा गणना. कोणताही पॅरामीटर घालताना 'हा का घातला' याचं फिटच्या बाहेरचं एक कारण सांगता आलं पाहिजे.

फिटच्या आधी नमुन्याबद्दल काय तपासायचं?

गणितातली निम्मी दुखणी नमुन्यातून येतात. सर्वांत मोठं दुखणं उडून गेलेल्या द्रावकाचं. समजा रचनेप्रमाणे रेणुवस्तुमान ९०० आहे आणि त्यात मेथॅनॉलचे दोन रेणू आहेत. नमुना सुकवताना ते उडाले, खरं वस्तुमान ८३६ उरलं. तुम्ही हिशेब ९०० नं केला, तर कॉपर-गॅडोलिनियमचं ८.२५ हे ८.८८ दिसतं, आणि भक्कम फेरोमॅग्नेटिक संवाद असल्याचा भास होतो. मोजलेल्या त्याच नमुन्याचं सीएचएन (कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजन) विश्लेषण किंवा टीजीए (तापवताना वजन किती घटतं ते मोजणं) करून घ्या. पुण्याच्या मे महिन्यात बाकावर उघडी राहिलेली कुपी आणि जुलैमधली कुपी यांत द्रावकाचं प्रमाण वेगळं असू शकतं.

दुसरं, डायमॅग्नेटिक दुरुस्ती, म्हणजे जोडीनं असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या क्षीण, उलट्या प्रतिसादाची वजावट. ९०० वस्तुमानाच्या रेणूसाठी ती ढोबळमानानं उणे ४५० गुणिले दहाचा उणे सहावा घात. ३०० केल्विनला कायटीत ०.१३५ चा फरक पडतो. एकट्या कॉपरच्या ०.३७५ पुढे हा लहान नाही.

तिसरं, अनिसोट्रॉपिक नमुन्याचे कण क्षेत्रात वळतात. डिस्प्रोसियमच्या पावडरचं चुंबकन ५ ऐवजी ७-८ कडे गेलं तर कण फिरले असं समजा. पावडर आयकोसेनच्या मेणात बसवून पुन्हा मोजा.

याचा पुढे उपयोग काय?

साठवणुकीसाठी तापमान वाढवण्याची धडपड चालू आहे. २०१७ मध्ये डिस्प्रोसियमच्या मेटॅलोसीननं ६० केल्विन गाठलं, २०१८ मध्ये ८० केल्विन, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या वर, आणि २०२५ मध्ये १०० केल्विनला हिस्टेरिसिस नोंदवला गेला. हे सगळे एकाच डिस्प्रोसियमचे रेणू आहेत हे मान्य केलं पाहिजे. दोन धातूंच्या रेणूंचं बळ दुसरीकडे आहे: टनेलिंग दाबणं, क्यूबिट (क्वांटम संगणकाचा मूळ घटक) म्हणून वापरता येणारी क्रोमियम-निकेलची कडी, आणि गॅडोलिनियमच्या मोठ्या स्पिन एंट्रॉपीच्या जोरावर अतिशीत तापमानाचं शीतकरण. त्या शेवटच्या उपयोगासाठी वर केलेलं चुंबकनाचं गणितच सरळ कामी येतं, कारण एंट्रॉपीतला बदल चुंबकनाच्या तापमानानुसार बदलावरून काढतात.

प्रबंधात फिटबद्दल काय काय लिहावं?

हॅमिल्टोनियन पूर्ण, चिन्ह आणि दोनच्या गुणकासकट. कोणते आलेख एकत्र फिट केले, कोणत्या तापमानांत आणि क्षेत्रांत. कोणते आकडे मोकळे होते, कोणते पक्के धरले आणि ते कुठून आणले. प्रत्येक मोकळ्या आकड्याची अनिश्चितता, आणि दोन आकडे एकमेकांत गुंतलेले असतील तर तसं स्पष्ट लिहा. जे ४.८७३ असं लिहायचा मोह होतो. पण वस्तुमानातच दोन टक्के चूक असेल तर ४.९ पुरे, आणि जेची दुसरी एखादी किंमतही तितकीच चांगली बसत असेल तर तीही त्याच तक्त्यात द्या.